तगड्या डिफेन्ससमोर ऑफेन्सचा प्लॅन करताय? या चुका टाळा

मागच्या सीझनला आमच्या पोराच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमची एक मॅच होती, न्यू जर्सीतली शुक्रवारची रात्र, चांगली बोचरी थंडी, समोर अशी टीम की जिच्या डिफेन्सचा आसपासच्या सगळ्या शाळांना धसका, आणि मी नेहमीसारखा वही घेऊन स्टँडमध्ये. बॉल दहा यार्ड पुढे न्यायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, आणि प्रत्येक थर्ड डाउनला किती यार्ड बाकी होते ते मी लिहून ठेवतो, सवयच लागलीय. पहिल्या हाफनंतर वहीत होतं ११, ९, १४, ८, १२, १०. सहाच्या सहा वेळा पंट, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देऊन टाकणं. आजूबाजूचे पालक थर्ड डाउन आला की ओरडत होते, लांब टाक, अजून लांब टाक, पण दुखणं तिथे नव्हतंच, ते दोन प्ले आधी फर्स्ट डाउनला सुरू झालेलं होतं.

तेव्हापासून मी या एकाच विषयाच्या मागे लागलोय, जुन्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघतोय, आणि मला एक गोष्ट पक्की पटलीय. डिफेन्स कितीही भारी असला तरी मैदानात अकराच जण असतात आणि त्या अकरातल्या प्रत्येकाला प्रत्येक काम सारखं जमत नाही. प्लॅन म्हणजे त्यातला कोण, कुठलं काम नाइलाजाने करतोय ते शोधायचं आणि त्याच्याकडून तेच काम परत परत करून घ्यायचं. कबड्डीत रेडर आत शिरताना कुठला कोपरा कच्चा आहे ते आधी हेरतो ना, तसंच. खालच्या बहुतेक चुका हे शोधायचं राहून गेल्यामुळेच होतात.

फर्स्ट डाउनला वेळ मारून नेणं

समोरचा डिफेन्स मोठा म्हटलं की पहिला विचार येतो "सेफ खेळूया", आणि सेफ म्हणजे काय तर फर्स्ट डाउनला सरळ मधून रन, म्हणजे बॉल घेऊन पळणं. तिथे तर त्यांचे सगळ्यात वजनदार लोक उभे असतात. एक यार्ड मिळतो, कधी तोही नाही. मग सेकंड अँड नाइन, म्हणजे दुसरा डाउन आणि नऊ यार्ड बाकी, एक पास हुकतो, थर्ड अँड नाइन, आणि आता त्यांच्या एज रशरला, म्हणजे कडेने धावून येणाऱ्याला, रनची काळजीच नाही, तो बिनधास्त क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्यावर, सुटतो.

तुमची थर्ड डाउन सारखी ८ यार्डांच्या वर जात असतील तर थर्ड डाउनचे प्ले बदलत बसू नका, फर्स्ट डाउनला काय कॉल केलं त्याची यादी काढा. एकाच फॉर्मेशनमधून, म्हणजे खेळाडूंच्या एकाच मांडणीतून, एकच रन चार-पाचदा दिसला तर उत्तर तिथेच आहे. फर्स्ट डाउनला ४ यार्ड हे टार्गेट ठेवा, मग ते स्लँटने (पास पकडणारा रिसीव्हर तिरका आत पळतो) येवोत, रनिंग बॅकला (एरवी बॉल घेऊन पळणारा) बाजूला टाकलेल्या छोट्या पासने येवोत नाहीतर प्ले ॲक्शनने, म्हणजे रनचं नाटक करून टाकलेल्या पासने. सेकंड अँड सिक्सला डिफेन्सला सगळ्याच गोष्टींची काळजी करावी लागते, तुम्हाला हवं ते तेवढंच. आणि फॉल्स स्टार्ट (वेळेआधी हलणं), होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) अशा पेनल्टींकडे "होतं असं कधीकधी" म्हणून सोडू नका, फर्स्ट अँड फिफ्टीन म्हणजे अशा डिफेन्ससमोर तो ड्राइव्ह, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाची ती पाळी, जवळजवळ गेला समजा.

काहीच न बदलणं, किंवा घाबरून सगळंच बदलणं

२०१३ च्या रेग्युलर सीझनमध्ये डेन्व्हरने ६०६ पॉइंट्स केले होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने ५५ टचडाउन पास (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, बॉल पोचवणारे), दोन्ही एनएफएलचे, म्हणजे इथल्या प्रोफेशनल लीगचे, रेकॉर्ड. फेब्रुवारी २०१४ मध्ये इथेच, आमच्या न्यू जर्सीत, सुपर बोलला, म्हणजे त्या लीगच्या फायनलला, सिएटलसमोर ते आपलं नेहमीचंच घेऊन उतरले. पहिल्याच घासाला खडा लागला. मॅनिंग कॉल बदलायला पुढे सरकत होता, गोंगाटात सेंटरला, म्हणजे त्याच्याकडे बॉल देऊन प्ले सुरू करणाऱ्याला, काहीतरी वेगळं ऐकू आलं आणि त्याने बॉल सोडला, तो मॅनिंगच्या डोक्याजवळून मागे त्यांच्याच एंड झोनमध्ये, १२ सेकंदात सेफ्टी, म्हणजे सिएटलला फुकटात दोन पॉइंट्स. पुढे डेन्व्हरचा रिसीव्हर डिमेरियस थॉमसने १३ कॅच घेतले, तेव्हाचा सुपर बोल रेकॉर्ड होता तो, पण यार्ड मिळाले फक्त ११८. सिएटल कॅच देत होता आणि बॉल हातात पडल्या पडल्या माणूस खाली पाडत होता. वर्षभर जो छोटा पास पकडून डेन्व्हरचे रिसीव्हर पुढे १५ यार्ड पळायचे, त्यातलं ते पुढचं पळणंच गायब झालं. स्कोअर ४३-८.

म्हणून कॅचचा आकडा बघून "चाललंय की" असं समजू नका, कॅचनंतर किती यार्ड मिळतायत ते बघा. आणि आवाजाची तयारी आठवडाभर करा, प्रॅक्टिसला मोठे स्पीकर लावून, सायलेंट काउंट वापरून, म्हणजे सेंटरच्या शेजारचा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो आणि सेंटरला हाताने टॅप करतो. फार साधी गोष्ट आहे पण ऐन वेळी सुचत नाही.

याच्या अगदी उलट चूक २६ जानेवारी १९८६ ला न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये झाली. शिकागो बेअर्सचा तो '४६' नावाचा प्रसिद्ध डिफेन्स, त्यांच्या डिफेन्स कोच बडी रायनचा, समोर न्यू इंग्लंड. न्यू इंग्लंडवाले प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, रनिंगच्या जोरावर तिथवर पोचले होते. सुरुवातीलाच बेअर्सचा फंबल, म्हणजे हातून सुटलेला बॉल, मिळाला, तोही बेअर्सच्या १९ यार्ड लाइनवर, आणि ओळीने तीन पास, तिन्ही इनकम्प्लीट, शेवटी लाथेने मारलेला फील्ड गोल. त्यांचा क्वार्टरबॅक टोनी ईसन ६ पैकी ० पासवर बाहेर बसला. हाफ टाइमला न्यू इंग्लंडचे एकूण यार्ड होते उणे १९, पूर्ण मॅचचे रनिंग यार्ड ७, आणि शेवट ४६-१०. आता मला म्हणायचं नाहीये की रन करत राहिले असते तर जिंकले असते, त्या बेअर्ससमोर ते अवघडच होतं. पण ज्या गोष्टीवर लाइनमनचा, म्हणजे पुढे उभं राहून ब्लॉक करणाऱ्यांचा, हात बसलाय तीच पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतली की पोरांना उभं राहायला जमीनच उरत नाही. दोन-तीन नवीन गोष्टी घ्या, बाकी घरचंच ठेवा, फक्त वेगळ्या फॉर्मेशनमधून आणि थोडं मोशन लावून, म्हणजे प्ले सुरू व्हायच्या आधी एकाला जागा बदलायला लावून.

त्यांच्या ताकदीचं नाव माहीत असणं, पण कच्चा माणूस माहीत नसणं

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेच बेअर्स, तोच १९८५ चा सीझन. २ डिसेंबरला मायामीला गेले तेव्हा १२-० होते, आधीच्या दोन मॅचमध्ये डॅलसला ४४-० आणि अटलांटाला ३६-०, म्हणजे सलग दोन मॅच एक पॉइंटही दिला नव्हता. ४६ मध्ये आठेक जण लाइनजवळ गर्दी करतात आणि क्वार्टरबॅकला बॉल टाकायला वेळच मिळत नाही. कोच डॉन शूलाच्या मायामीने त्या गर्दीशी टक्कर घेतली नाही. त्यांनी तीन वाइड रिसीव्हर लावले आणि त्यातल्या अनुभवी नॅट मूरला आत स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधे, उभं केलं. आता या तिसऱ्याला धरणार कोण? जो माणूस त्या स्कीममध्ये पुढे धावून हाणामारी करायला ठेवलेला, तो लाइनबॅकर (लाइनच्या मागे उभा राहणारा) किंवा सेफ्टी (डिफेन्समधला सगळ्यात मागचा खेळाडू, त्यालाही हेच नाव). त्याला मागे पळत रिसीव्हर कव्हर करायला लावलं. शिवाय त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मॅरिनोला पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी राखलेल्या जागेत, एका जागी उभं न ठेवता थोडं बाजूला सरकवलं, म्हणजे रशचा कोन चुकला, आणि त्याचा हात इतका झटपट चालायचा की तेवढा अर्धा सेकंदही पुरला. हाफ टाइमला मायामी ३१-१०, शेवटी ३८-२४. बेअर्सचा त्या अख्ख्या सीझनमधला तो एकमेव पराभव.

यातली बघण्यासारखी गोष्ट ही की मायामीने बेअर्सचे तगडे लोक हरवलेच नाहीत, त्यांना वेगळ्या कामाला लावलं. तुम्ही फिल्म बघताना हेच करा. त्यांच्या स्टार खेळाडूवर आठवडा घालवू नका, कोऱ्या कागदावर अकरा नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, हा कुठलं काम करताना उशीर करतो? कुणाला मोशन दिसलं की गोंधळ होतो, कुणी सेफ्टी प्ले ॲक्शनला दरवेळी दोन पावलं पुढे येतो, कुणी लाइनबॅकर रनला वाघ आहे पण रनिंग बॅक बाहेर पळाला की त्याच्या मागे धापा टाकतो. दोन नावांपुढे काहीतरी सापडलं तरी प्लॅनचा अर्धा भाग झाला.

ब्लिट्झचीच भीती बाळगणं

सगळा आठवडा ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर नेहमीच्या चारांपेक्षा जास्त जण धावून येणं, कसा पकडायचा याची प्रॅक्टिस आणि मॅचला समोरून ब्लिट्झच येत नाही, चारच जण येतात आणि तेच पुरतात. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही तरी ६ सॅक काढले, म्हणजे सहा वेळा क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आधीच पाडलं. पहिल्या हाफमध्ये कॅन्सस सिटीला २३ यार्ड मिळाले, हाफ टाइमला २४-०, शेवट ४०-२२. चार जण रश करतात म्हणजे सात जण मागे कव्हरेजमध्ये असतात, मग कुणी मोकळा दिसत नाही, क्वार्टरबॅक थांबतो आणि थांबला की संपला. त्याच्या चार वर्षं आधी टॅम्पा बेसमोर ३१-९ हरले तेव्हाही असंच, तेव्हा तर कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे लाइनच्या दोन टोकांचे ब्लॉकर, दुखापतीमुळे बाहेर होते.

उपाय नवीन नाहीत. टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही पकडणारा) किंवा रनिंग बॅकने बाहेर पळायच्या आधी एज रशरला खांद्याने एक धक्का द्यायचा, चिप म्हणतात त्याला. मधे मधे स्क्रीन (रशर पुढे आले की त्यांच्या मागे छोटा पास), ड्रॉ (पासचं नाटक करून रन), हार्ड काउंट (आवाजाने फसवून त्यांना आधीच हलवणं), म्हणजे रशर जरा बिचकून सुटतो. चिपची किंमत आहे हे मात्र लक्षात ठेवा, तो माणूस रूटवर, म्हणजे पास घ्यायला पळायच्या वाटेवर, उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक प्लेला चिप लावलात तर पाच रिसीव्हर असल्याचा फायदाच गेला.

आणि चिप कागदावर असणं आणि लागणं यात फरक असतो. सुरुवातीला सांगितलेल्या आमच्या पोराच्या मॅचची फिल्म आम्ही नंतर घरी टीव्हीवर लावली, आमच्या उजव्या टॅकलवरून त्यांचा एंड, म्हणजे डिफेन्सचा कडेचा माणूस, सारखा आत येत होता आणि सगळे त्या टॅकलच्या पोराला बोलत होते. फ्रेम फ्रेम करून बघितलं तर रनिंग बॅक दरवेळी त्या एंडच्या जवळून जातोय, हात वर करतोय, पण खांदा लागतच नाहीये, दोघांच्या मधून हिरवं गवत दिसतंय. चिप केल्यासारखं दिसत होतं एवढंच. आमच्या पोरांच्या कोचने हाफ टाइमला तेवढंच सांगितलं होतं म्हणे, आधी टच, मग रूट. दुसऱ्या हाफची माझी वही काढून बघितली, ४, ७, २, ६, ३. मॅच तरी हरलेच, एका टचडाउनने, पण बॉल चालला.

एका माणसाला घाबरून अर्धं मैदान सोडून देणं

सप्टेंबर २०१४, सीझनची पहिली मॅच, ग्रीन बे सिएटलमध्ये. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने सिएटलच्या रिचर्ड शर्मनच्या, म्हणजे कडेचे रिसीव्हर धरणाऱ्या कॉर्नरच्या, बाजूला अख्खी मॅच एकदाही बॉल टाकला नाही. त्याच्यापासून लांब राहणं समजू शकतं, पण एक बाजू कायमची बंद झाली की बाकीच्या डिफेन्सला उरलेल्या जागेत दाटीवाटीने उभं राहता येतं. ३६-१६ हरले. तुमच्यासमोर असा कॉर्नर असेल तर त्याच्याकडे टाकू नका हवं तर, पण त्याच्या बाजूला रन घ्या, त्याला टॅकल करायला लावा, त्याच्या रिसीव्हरला मोशनने दुसरीकडे न्या आणि तो मागे येतो का ते बघा. येत असेल तर मॅन कव्हरेज, म्हणजे एकाने एकालाच धरणं, आहे, ही माहिती फुकटात मिळाली.

पंटचं थोडक्यात सांगतो. अशा मॅचमध्ये पंट म्हणजे नामुष्की नाही, खरा घात होतो तो बॉल हातातून जाण्याने. २०१६ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरच्या ऑफेन्सला जेमतेम १९४ यार्ड मिळाले तरी ते २४-१० जिंकले, कारण पलीकडे लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स करणाऱ्या कॅरोलायनाकडून डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने दोनदा बॉल पाडून घेतला, दोन्ही वेळा त्यांच्याच एंड झोनच्या तोंडाशी. स्वतःच्या १० यार्डांच्या आत असाल तर लांब ड्रॉपबॅक, म्हणजे क्वार्टरबॅकने बॉल घेऊन मागे जाणं, नकोच, दोन हात बॉलवर, आणि तीन प्लेनंतर पंट करावा लागला तर करा.

चालणारी गोष्ट एकदा फसली म्हणून टाकून देणं

डेन्व्हरच्या त्या दारुण पराभवानंतर बरोबर एका वर्षाने, १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोना, तोच सिएटलचा डिफेन्स आणि समोर न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. न्यू इंग्लंडने रनचा हट्ट धरला नाही, छोटे पास हाच त्यांचा रन. रनिंग बॅक शेन व्हेरीनला त्यांनी रिसीव्हरसारखं वापरलं, ११ कॅच, ६४ यार्ड, आकडा छोटा दिसतो पण प्रत्येक कॅच म्हणजे पुढचा डाउन सोपा. ब्रेडीने ५० पैकी ३७ पास पूर्ण केले. दोन इंटरसेप्शनही झाले, म्हणजे पास सिएटलच्याच हातात गेले, आणि पहिल्या इंटरसेप्शनवर सिएटलचा जेरेमी लेन जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी थॅरोल्ड सायमन आला. न्यू इंग्लंडने ते नाव लगेच टिपून घेतलं.

चौथ्या क्वार्टरमध्ये २४-१४ ने मागे असताना, गोल लाइनजवळ, न्यू इंग्लंडचा रिसीव्हर जुलियन एडेलमन सायमनसमोर आत वळल्याचं दाखवून झटकन बाहेर फिरला आणि पूर्ण मोकळा झाला. ब्रेडीचा पास चुकला. तो ड्राइव्ह डॅनी अमेंडोलाच्या टचडाउनने वाचला, पण साइडलाइनवर कुणी "तो प्ले नको आता" म्हटलं नाही, कारण फसला होता थ्रो, सायमन तर हललाच होता. पुढच्या ड्राइव्हला ३ यार्ड बाकी, तोच एडेलमन, तोच रूट, समोर तोच सायमन, यावेळी बॉल हातात, घड्याळात २ मिनिटं २ सेकंद बाकी, न्यू इंग्लंड २८-२४ ने पुढे.