मुलं आपणहून वही पुढे करतील, यासाठी

शिकवायला लागण्याआधी मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्व-दीर्घ पकडण्यावर माझं घर चाललं. आता ठाण्यात, नौपाड्यात घरच्याच हॉलमध्ये शनिवारी लेखनवर्ग घेते. कळवा, वागळे इस्टेट, ऐरोली, चेंदणी कोळीवाडा, सगळीकडून मुलं येतात. हे सगळं मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगते. कविता मला शिकवता येत नाही, हेही सांगते. समोरच्या बाईला काय येतं आणि काय नाही, हे मुलांना आधी कळलेलं बरं.

तुम्ही वर्ग सुरू करणार असाल तर पहिल्या तासाला वही मागू नका. मुलं लिहीत असताना तुम्हीही त्यांच्यासोबत बसून त्याच विषयावर लिहा आणि आधी स्वतःचं वाचून दाखवा, खोडलेल्या ओळींसकट. मग कुणीतरी हात वर करतं. नाही केला तर पुढच्या शनिवारी करेल, घाई कसली?

वही हातात आली की पहिलं वाचन पेनाचं टोपण न काढता करायचं. नंतर त्यातली मनात राहिलेली एक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती का राहिली ते सांगायचं. नुसत्या ‘छान लिहिलंयस’मधून मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

दुरुस्तीची वेळ मात्र नाजूक. कोळीवाड्यातल्या एका मुलीने आजीवर लिहिलं होतं. आजी तिला चिंबोरी, म्हणजे खेकडा, साफ करायला शिकवते आणि म्हणते, ‘पोरी, आधी नांगी धराला शिक, मंग पानी ठेव.’ खालच्याच ओळीत होतं, ‘आजी चुलीपाशी बसलि.’ शासनमान्य लेखननियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, मला पाठ आहेत. तरी आजीच्या तोंडचं ‘पानी’ मी तसंच ठेवलं. ‘बसलि’पाशी पेन्सिलीने बारीक खूण केली आणि शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ का लिहायचा ते समजावलं. आजीचं बोलणं ही चूक नाही, हे तिला माझ्याकडून स्पष्ट ऐकायला मिळालं. शाळेत ‘न-ण’वरून बोलणी खाल्लेल्या मुलांना याची फार गरज असते. पुढच्या वहीत अख्खा कोळीवाडा बोलत होता!

वर्गात ज्यांचं तोंडच उघडत नाही, त्यांना मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जाते. १८९३ पासूनची संस्था आहे ती. कपाटापुढे शेजारी शेजारी उभं राहून पुस्तकं चाळताना मुलं बोलू लागतात, कारण कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नसतं.

वहीतलं घरी सांगायचं नाही. ‘मॅडम, काय लिहिते हो ती?’ असं आईने विचारलं तर ‘तिलाच विचारा’ म्हणायचं. अपवाद एकच आणि तोही पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा. कुणी मारतंय, त्रास देतंय असं वहीत दिसलं तर मी गप्प बसणार नाही. आधी तुझ्याशी बोलेन, मग मदत मागेन. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर माझ्याकडे भिंतीवरच लावलेला आहे.

आणि वही शनिवारी परत देईन म्हटलं की शनिवारीच द्यायची. वाचून झाली नसेल तर तसं सांगा. वरवर चाळून शेरा मारलात तर मुलांच्या तो लगेच लक्षात येतो.