“बँकेने काढलाय ना विमा!” आणि पुराच्या विम्यातल्या इतर चुका

मी विम्याचं काम करतो. जून उजाडला की फोन सुरू होतात. “पुराचा विमा काढायचाय, किती पडतील?” मुळात आपल्याकडे पुरासाठी निराळी पॉलिसी शोधत बसावं लागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आहेत. घरासाठी भारत गृह रक्षा. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. आग, भूकंप, वादळ, पूर, तुंबलेलं पाणी हे सगळं त्यातच येतं. विचारायचं असतं ते हे: कुठला माल, कुठल्या पत्त्यावरचा, किती रकमेचा? नेमकं तेवढंच कुणी विचारत नाही. “डिस्काउंट किती?” हे मात्र सगळे विचारतात.

माझं डोकं फिरवणारं वाक्य म्हणजे “बँकेने काढलाय ना!”

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हाची गोष्ट. ओळखीच्या एका कापड दुकानदाराचं बँकेत १० लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज, होतं. बँकेने तेवढ्याच रकमेचा मालाचा विमा उतरवला होता आणि हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर जात होता. पॉलिसीचा कागद शेटनी कधी उघडून पाहिला नव्हता. दुकानात माल होता २० लाखांचा, त्यातला १६ लाखांचा चिखलात गेला. शेटचा हिशोब सरळ होता: नुकसान १६, विमा १० चा, म्हणजे १० तरी हातात पडतील. मंजूर झाले ८. कारण माल २० चा असताना विमा १० चा, म्हणजे निम्माच. मग भरपाईही निम्मीच. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर सोडून देतात, निम्मी नाही. बरं, ते ८ लाखही आधी बँकेच्या कर्जखात्यात गेले. मागच्या गल्लीतल्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत नव्हता, तिथले शून्य. फर्निचर, संगणक, काउंटर यांचेही शून्य, कारण विमा फक्त मालाचा.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. नूतनीकरणाच्या वेळी गिऱ्हाइकाला पॉलिसीचं पहिलं पान फोनवर मोठ्याने वाचायला लावतो. लोक वैतागतात, वैतागू देत. रक्कम धरायची ती आजच्या मालाची नाही, गणपती-दिवाळीआधी दुकान गच्च भरलेलं असतं तेव्हाची.

दुसरी चूक म्हणजे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा माणूस, यायच्या आत दुकान धुऊन मोकळं होणं. घाई कळते, वास असह्य असतो. पण माल जेसीबीने उचलून नेल्यावर नुकसान दाखवणार कशाचं? त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा नंबर घ्या. शटर उघडल्यापासून व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, गठ्ठ्यांवरची लेबलं, यंत्रांच्या नंबराच्या पट्ट्या त्यात दिसल्या पाहिजेत. सडणारा माल हलवायचाच असेल तर सर्व्हेअरची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो झाला म्हणजे विम्याचं काम झालं असं नाही. बिलं भिजली म्हणून कपाळाला हात लावू नका. जीएसटी पोर्टलवर २बी नावाच्या विवरणात नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडच्या खरेदीची बिलवार यादी मिळते.

घरवाल्यांचा घोळ वेगळाच. गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा बहुतेकदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नव्हे. आणि फ्लॅट ८० लाखांचा म्हणून विमा ८० लाखांचा काढू नका. जमीन वाहून जात नाही. धरायचा तो पुन्हा बांधायचा खर्च. हजार फूट, दोन हजारांचा दर, झाले २० लाख. गृह रक्षात इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, घरसामानासाठी आपोआप मिळतात, म्हणजे इथे ४ लाख. फ्रिज, टीव्ही, कपाटं, गाद्या जमेला धरा आणि पुरतात का बघा. नाही पुरले तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने वेगळे नोंदवावे लागतात. सोसायटीची पॉलिसी सहसा इमारतीपुरती असते, तुमच्या सोफ्याशी तिचा संबंध नसतो. भाडेकरूंना नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो, पण घेतो कोण!

बाकीचं थोडक्यात. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल म्हणजे पूर नव्हे. दुकान महिनाभर बंद राहिलं तर बुडालेला नफा या पॉलिसीत नाही, त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि चिपळूणजवळच्या कोळकेवाडी धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आल्यावर विम्यासाठी मला फोन करू नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, पुरात कामाचा नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, असला तरी बुडालेली गाडी “बघू चालू होते का” म्हणून चावी फिरवू नका. पाणी आत असताना इंजिन सुरू केलं आणि बिघडलं, तर इंजिन प्रोटेक्शन हे जादा संरक्षण घेतलेलं नसल्यास तो खर्च सहसा नाकारतात. टोइंगवाल्याला बोलवा, ढकलत न्या, काहीही करा.