जुन्या टाकीचा पांढरा थर काढायची स्वस्तातली युक्ती

मासे पाळायची सेकंडहँड काचेची टाकी निम्म्या किमतीत मिळते, पण बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काही केल्या निघत नाही. आणि रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची (प्रवाळाची) टाकी करायची असेल तर साबण, लिक्विड काहीच लावायचं नाही बघा.

१. साधा पांढरा व्हिनेगर घ्या, किराणा दुकानात मिळतो. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, वरून प्लॅस्टिक लावा म्हणजे वाळत नाही, तासभर तसंच ठेवा.

२. नवीन ब्लेड तिरकं धरून खरवडा. सिलिकॉनच्या सांध्याजवळ मात्र ब्लेड न्यायचंच नाही, तिथं जुना टूथब्रश.

३. साध्या पाण्यानं चांगली धुवा.

आता लीक टेस्ट. टाकी अंगणात सपाट जागी थर्माकोलवर ठेवा, भोवतीनं कालचा 'पुढारी' अंथरा, काठोकाठ भरा आणि २४ तास हात लावू नका, थेंब जरी पडला तरी कागदावर लगेच कळतं (पावसाळ्यात ही टेस्ट घरातच करा, आपल्या कोल्हापूरच्या पावसात कागद कोरडा राहतोय होय!). गळत असेल तर वरनं नवीन सिलिकॉन थापू नका, जुन्यावर नवीन धरत नाही, आतलं सगळं कापून काढूनच भरायचं आणि ट्यूबवर अँटी-फंगल लिहिलेलं असेल तर ती घेऊच नका.

एक मात्र विकणाऱ्याला आधीच विचारा, टाकीत कधी तांब्याचं म्हणजे कॉपरचं औषध टाकलं होतं का? मासे तगतात ओ, पण कोरल, कोळंबी, गोगलगाय थोड्याशा कॉपरनंही मरतात. जुनी वाळू-खडी तर फुकट दिली तरी नको.