'साइट भकास वाटतेय' म्हणजे नेमकं काय?

सांगलीकडच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट करत होतो. मालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, "छान झालंय, पण जरा भकास वाटतंय." मी तीनदा रंग बदलले. चौथ्यांदा मात्र फोन लावला, "काका, नेमकं कुठं भकास वाटतं?" तर म्हणाले, "अहो, हॉलच्या एकाही फोटोत माणूस नाही!" मग पंगतीचे चार फोटो घातले, मूळचे रंग परत आणले आणि काम मिटलं.

तेव्हापासून असा निरोप आला की लगेच फिग्मा (डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडत नाही. आधी स्क्रीनशॉट मागवतो आणि खटकणाऱ्या जागेवर बोटानं गोल करायला सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटोवर रेघ ओढता येते, त्यामुळे कुणालाही जमतं. क्लायंट साइट फोनवर बघतोय की कॉम्प्युटरवर, हेही तिथंच कळतं.

जागा कळली की विशेषण सोलायचं, म्हणजे 'भकास'सारख्या शब्दामागे नेमकं काय दडलंय ते काढायचं. "का आवडलं नाही?" असं विचारलं की माणूस अवघडतो. त्यापेक्षा त्याच धंद्यातल्या दोन साइट समोर ठेवा आणि यातली कुठली जवळची वाटते ते विचारा. 'प्रीमियम'चा अर्थ कुणाला काळा-सोनेरी रंग असतो, कुणाला भरपूर मोकळी जागा.

मराठी साइटवर हमखास येणारी तक्रार म्हणजे 'गिचमिड'. आपण फॉन्ट बदलत बसतो. पण इंग्रजीसाठी बनलेल्या टेम्प्लेटमध्ये (तयार साच्यात) ओळींची उंची कधी कधी अक्षराच्या आकाराच्या १.२ पट इतकीच असते. त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. ती १.६ पट करून दाखवा. 'फिकट दिसतंय' म्हणाले तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजा: डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) याच्या मधल्या 'एए' पातळीला साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५:१ लागतो.

क्लायंटनं थेट उपायच सांगितला, समजा 'लोगो मोठा करा', तर त्यामागची अडचण विचारा. कधी नाव वाचता येत नसतं, कधी लोगोला खेटून मेन्यू आलेला असतो. (कधी खरंच लोगो मोठा हवा असतो. करून टाका.)

शेवटी ठरलेले बदल क्रमांक घालून एकाच मेसेजमध्ये लिहा आणि त्यावर 'हो' मागा. अंतिम होकार कुणाचा, हेही त्यातच विचारून घ्या. आमच्या मंगल कार्यालयात तो काकांचा नव्हताच, पुण्यातल्या जावयांचा होता.