एकच लांब कॉर्ड, ताल गेटचा

पॅडचा (मऊ, लांबणाऱ्या आवाजाचा) एखादा लांब कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून ठेवा आणि सिंथमधला (सिंथेसायझरमधला) गेट सिक्वेन्सर सुरू करा. सिक्वेन्सर ठरलेल्या पायऱ्या एकामागून एक चालवतो. गेट म्हणजे आवाजाचं दार. पायरी चालू असली की उघडं, बंद असली की मिटलेलं.

१६ पायऱ्या घ्या, प्रत्येक पायरी १/१६ नोटची. आधी सगळ्या बंद करा, मग फक्त १, ४, ७, ९, १२ आणि १५ चालू करा. ही ३-३-२ची विभागणी साध्या कॉर्डलाही पुढे रेटते. एकाआड एक पायरीचा पॅटर्न मात्र कान फार लवकर ओळखतो आणि कंटाळतो.

दार उघडता-मिटताना टक्-टक् ऐकू येते का? लहर मधेच तुटते म्हणून तसं होतं. स्मूदिंग किंवा अटॅक-रिलीज, म्हणजे दार उघडायला-मिटायला लागणारा वेळ, ३ ते ५ मिलिसेकंद ठेवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट्सच्या वेगाला) एक पायरी १२५ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे एवढ्याने ठोका बोथट होत नाही. ५०-६० पर्यंत नेलंत तर ठोके जाऊन लाटा उरतात. संथ गाण्यात मला त्या फार आवडतात.

रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमणारी गुंज) गेटच्या नंतर लावा, म्हणजे रिकाम्या जागा त्या गुंजेच्या शेपटीने भरतात. आधी लावला तर शेपटीही कापली जाते.

आता खरी गंमत: ड्रम्स १६ वर ठेवून गेटची लांबी १२ पायऱ्या करा. दोघांची सुरुवात ४८ पायऱ्यांनी, म्हणजे ३ बारनंतर (१६ पायऱ्यांचा एक बार) पुन्हा जुळते. त्यासाठी नोटवर रीट्रिगर बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या कॉर्डला पॅटर्न पहिल्या पायरीवर परत येईल.