लवचीक द्रवांचे वर्तन प्रयोगातून कसे पाहावे

मध घट्ट असतो, पण लवचीक नसतो, म्हणजे ताणून सोडल्यावर आखडत नाही. उलट भेंडीचा बुळबुळीत रस मधापेक्षा पातळ असूनही तार धरतो. हा भेद डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एकच द्रव आधी फिरवावा, मग ताणावा आणि शेवटी अरुंद तोंडातून ढकलावा. हा क्रम मोडू नये, कारण तिसऱ्या प्रवाहात पहिले दोन्ही एकत्र येतात.

द्रावणासाठी सुमारे 40 लाख रेणुभाराचे पॉलिइथिलीन ऑक्साइड, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे एक पॉलिमर, घ्यावे. 400 मिलिलीटर पाण्याला 6 ग्रॅम पुरते. भुकटी थेट पाण्यात टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून ती ज्योतीपासून दूर, थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवावी आणि मग पाणी एकदम ओतून हलक्या हाताने ढवळावे. मिक्सर मुळीच वापरू नये, कारण त्याच्या पात्यांनी लांब रेणुसाखळ्या तुटतात आणि लवचीकपणाच नाहीसा होतो. मिश्रण एक दिवस झाकून ठेवावे. तुलनेसाठी ग्लिसरीन घ्यावे.

आता बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरमध्ये गुळगुळीत धातूची कांडी बसवून ती रुंद भांड्याच्या मध्यभागी हळूहळू फिरवावी. ग्लिसरीनचा पृष्ठभाग कांडीपाशी जवळजवळ सपाट राहतो, किंवा वेग वाढल्यास थोडा खचतो. पॉलिमरचे द्रावण मात्र कांडीवर चढू लागते. वर्तुळाकार प्रवाहात रेणुसाखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि हा ताण चाकावरच्या धावेप्रमाणे द्रवाला आत आवळतो. आवळलेल्या द्रवाला वरची मोकळी दिशाच उरते. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायसेनबर्ग यांनी 1940 च्या दशकात उलगडून दाखवलेला हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेग अगदी कमी केला की चढण ओसरते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रयोगातले सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे: साखळ्यांना पूर्ववत होण्यास लागणाऱ्या काळाच्या तुलनेत प्रवाह संथ असेल, तर लवचीक द्रवही साध्या द्रवासारखा वागतो. तो काळ जाणवावा म्हणून पृष्ठभागावर मिरपूड भुरभुरावी, चमच्याने गोल ढवळावे आणि चमचा चटकन उचलावा. कण थांबतात आणि किंचित उलटे फिरतात.

ताण पाहण्यासाठी भरलेला पेला तिरका करून द्रावण खालच्या भांड्यात ओतावे आणि धार सुरू झाल्यावर पेला पुन्हा बराचसा उभा करावा. पातळी काठाच्या खाली गेली तरी धार तुटत नाही, कारण खाली पडणारा भाग मागच्या भागाला काठावरून ओढून घेतो. ग्लिसरीनची धार इथे लगेच थांबते.

शेवटी सुई नसलेल्या सिरिंजमधून द्रावण दाबून बाहेर काढावे. तोंडाकडे येताना द्रव मध्यभागी ताणला जातो आणि भिंतीलगत घासला जातो. बाहेर पडताच साखळ्या आखडतात आणि धार छिद्रापेक्षा जाड होते. सिरिंज आडवी धरल्यास हे फुगणे अधिक स्पष्ट दिसते, कारण उभी धार स्वतःच्या वजनाने लगेच बारीक होते. प्लास्टिकच्या नळ्या बनवताना साच्याचे तोंड ठरवण्यापूर्वी याच फुगण्याचा हिशेब करावा लागतो.

द्रावण फरशीवर सांडल्यास ती अत्यंत निसरडी होते, म्हणून आधी कोरड्या कापडाने टिपून मगच पाण्याने पुसावे.