पावसाळ्याआधी हॉल रोड : वणी-चंद्रपूर पट्ट्यातील खुल्या कोळसा खाणींसाठी तयारीची यादी

हॉल रोडच्या, म्हणजे खाणीतल्या डंपर वाहतुकीच्या रस्त्याच्या, आखणीआधी माती तपासा. वर्धा खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी वरचा थर काळ्या मातीचा आहे. एप्रिलमध्ये ती इतकी टणक असते की डंपर सहज पेलेल असं वाटतं. भिजली की फुगते आणि तिचा सीबीआर (भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा) २-३ टक्क्यांवर येतो. म्हणून चाचणी भिजवलेल्या नमुन्यावरच करून घ्या. शक्य असेल तिथे ही माती काढा आणि वेगळी साठवा, पुढे ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या) ढिगावर झाडं लावताना ती लागेल. भरावाच्या तळाला ओबीतला वालुकाश्म चालतो. वरच्या थरात मात्र तो नको, कारण टायरखाली त्याची भुकटी होते. तिथे बेसाल्टची खडी आणि मुरूमच हवा, तोही थराथराने रोलर फिरवून.

रुंदी सर्वांत मोठ्या डंपरवरून ठरवा. दुतर्फा वाहतुकीला साधारण साडेतीन पट, म्हणजे ५ मीटर रुंदीच्या डंपरला १७.५ मीटर. बर्म (रस्त्याच्या कडेचा मातीचा बांध) आणि नालीची जागा त्याबाहेर. बर्म टायरच्या पूर्ण उंचीइतका करा, अर्ध्यावर भागवू नका.

चढ एकास सोळाच्या (६.२५ टक्के) आत ठेवा. चांगल्या रस्त्याचा रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना रस्त्याचा होणारा विरोध) २ टक्के धरला, तर या चढावर एकूण विरोध ८.२५ टक्के होतो. चिखलात तोच रेझिस्टन्स ५ टक्के झाला, की एकूण ११.२५. इंजिनावरचा भार तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो, आणि डिझेलचं बिल तिथेच फुगतं.

माझ्या मते सगळ्यात मोठं काम पाण्याचं. नाली रस्त्याच्या आधी खोदा, नंतर खोदू म्हटलं की ती राहूनच जाते. रस्त्याला २ ते ३ टक्के आडवा उतार द्या. रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचणारच, तिथून संपपर्यंतची (खाणीतलं पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यापर्यंतची) वाट आत्ताच मोकळी करा. रस्त्याखालच्या ह्यूम पाइपांतला (काँक्रीटच्या नळ्यांतला) गाळ मेमध्ये काढा.

ग्रेडरचे (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राचे) तास शिफ्टच्या नियोजनात वेगळे लिहा आणि ते दुसऱ्या कामाला देऊ नका. उन्हाळ्यात टँकरने पाणी बेताचंच मारा; उतारावर सलग ओल झाली की डंपर घसरतो.

मुसळधार पावसात वाहतूक थांबवायचा अधिकार कोणाचा, हे प्रत्येक शिफ्टसाठी नावानिशी ठरवा आणि फलकावर लावा. त्या माणसाला उत्पादनाच्या आकड्यासाठी कोणी फोन करणार नाही, ही जबाबदारी मॅनेजरने स्वतःकडे घ्यावी.